संस्थेतला सभासद, गावातला नागरिक

एप्रिल १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा तिचे सभासद होण्याची अट आजच्या भल्याभल्या संस्थांना झेपणार नाही अशी होती. किमान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणायचे. आमच्या वतीने या गृहस्थाने बोलावे, असे त्या पन्नास जणांनी लिहून दिलेले असले पाहिजे. सभा सुरू झाली ती अशा ९५ सभासदांनिशी, आणि त्यांच्यामागे सुमारे ६,००० लोकांच्या सह्या होत्या. त्या काळी विधिमंडळात निवडून गेलेला एकही हिंदी माणूस नव्हता. पुण्यातल्या काही वकील, सरदार, व्यापारी मंडळींनी मात्र आपल्यापुरती प्रातिनिधिकतेची कसोटी लावून घेतली होती.

सभेचे निमित्त तसे घरगुती होते. पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दल लोकांची गाऱ्हाणी होती आणि ती मांडायला कोणीतरी हवे होते. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी त्यात पुढाकार घेतला. पण देवस्थानाचा हिशेब विचारायला बसलेली माणसे तेवढ्यावर थांबली नाहीत. १८७५ साली सभेने ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज करून हिंदुस्थानला तिथे प्रतिनिधित्व मागितले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा करून ती सरकारपुढे ठेवली. १८९६-९७ च्या दुष्काळात, सभा टिळकांच्या हाती आल्यावर, तिच्या प्रचारकांनी शेतकऱ्यांना दुष्काळ संहितेत त्यांच्यासाठी काय लिहिले आहे ते समजावून सांगितले. कायदा सरकारचाच होता, तो लोकांना वाचून दाखवला एवढेच. तरी १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. देवळाच्या जमाखर्चापासून निघालेली मंडळी २७ वर्षांत सरकारला जड वाटू लागली होती.

सेवाभावी, ना-नफा, बिगरसरकारी अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या संस्थांमध्ये माणसे वावरतात, तेव्हा त्यांच्या राजकीय सहभागाचे काय होते, हा या ग्रंथाचा विषय आहे. राजकीय सहभाग म्हणजे केवळ मतदान नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. ग्रामसभेत उभे राहून प्रश्न विचारणे, वॉर्डातल्या पाण्यासाठी अर्ज घेऊन नगरपालिकेत जाणे, माहितीच्या अधिकाराखाली कागद मागवणे, मोर्चात चालणे, कुणाचा प्रचार करणे, स्वतः उमेदवारी भरणे हे सगळे त्यात येते. मतदान पाच वर्षांतून मोजक्या वेळा आणि एकट्याने करायची गोष्ट आहे. बाकीच्या गोष्टी वारंवार कराव्या लागतात आणि त्या एकट्याने करणे फार कठीण असते. संस्थांचा संबंध येतो तो मुख्यतः इथे.

या विषयावरचा विचार बहुतेक वेळा आलेक्सी द तॉकव्हिलपासून सुरू होतो. हा फ्रेंच माणूस १८३१ मध्ये अमेरिकेत गेला आणि तिथल्या लोकांची ऊठसूट मंडळ काढण्याची सवय पाहून चकित झाला. लोक एकत्र येऊन काम करायला शिकतात ते अशा मंडळांत, आणि हीच लोकशाहीची शाळा, असा त्याच्या ग्रंथाचा आशय. दीडशे वर्षांनी रॉबर्ट पुटनम यांनी तोच धागा इटलीत पकडला. १९७० साली इटलीने बहुतेक प्रांतांना एकाच साच्याची प्रादेशिक सरकारे दिली. उत्तरेत ती बऱ्यापैकी चालली, दक्षिणेत रखडली. पुटनम यांच्या १९९३ च्या पुस्तकाने याचे कारण शोधले ते गायनमंडळांत, फुटबॉल क्लबांत आणि सहकारी संस्थांत. जिथे माणसांना एकमेकांवर विश्वास टाकण्याची सवय होती, तिथे सरकारही सुधारले, असे त्यांचे म्हणणे.

मांडणी आकर्षक आहे, पण तिच्यातून एक नेमका प्रश्न निसटतो. गाणे म्हणणारा माणूस ग्रामसभेत बोलायला शिकतो तो नेमका कसा? याचे अधिक कामाचे उत्तर सिडनी व्हर्बा, के लेहमन श्लोझमन आणि हेन्री ब्रेडी यांच्या १९९५ च्या अमेरिकेवरील अभ्यासात मिळते. माणसे राजकारणापासून दूर का राहतात, याची तीन कारणे त्यांनी सांगितली: त्यांना जमत नाही, त्यांना इच्छा नसते, किंवा त्यांना कोणी बोलावलेलेच नसते. संस्था तिन्हींवर काम करू शकते, पण या अभ्यासकांचा भर पहिल्यावर होता. पत्र लिहिणे, बैठक बोलावणे, तिची आखणी करणे, चारचौघांत उभे राहून बोलणे ही साधी कौशल्ये शिकलेल्या माणसाला नोकरीतच मिळून जातात. गरिबाला ती तिथे मिळत नाहीत. चर्चमध्ये मिळू शकतात. तेही प्रत्येक चर्चमध्ये नाही. जिथे मंडळीचा कारभार सामान्य सभासद चालवतात अशा प्रॉटेस्टंट चर्चमध्ये ती अधिक मिळतात. जिथे कारभार धर्मगुरूंच्या उतरंडीने चालतो त्या कॅथलिक चर्चमध्ये कमी. प्रार्थना दोन्हीकडे होते. फरक पडतो तो बैठक कोण चालवतो याने.

या प्रस्तावनेचे मुख्य म्हणणे इथूनच निघते. संस्था कशासाठी काढली आहे, यापेक्षा तिच्यात माणसाला काय करावे लागते, यावर तिचा राजकीय परिणाम ठरतो. उद्देश देवळाचा असो, दारूबंदीचा असो की दर महिन्याच्या शंभर रुपयांच्या बचतीचा. सभासदाला तिथे बोलावे लागते का, हिशेब वाचावा लागतो का, मतभेद झाल्यावर त्याच माणसांबरोबर पुन्हा बसावे लागते का, हे पाहायचे.

महाराष्ट्रात याचे सर्वांत ठळक उदाहरण बहिष्कृत हितकारिणी सभेचे आहे. जुलै १९२४ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईत ही सभा स्थापन केली. अध्यक्षपदी सर चिमणलाल सेटलवाड होते आणि कार्यक्रम वसतिगृहे, वाचनालये, शिक्षणप्रसार असा होता. वरवर पाहिले तर त्या काळच्या दहा परोपकारी संस्थांसारखीच ही एक. पण तिच्याभोवती परिषदा भरू लागल्या, कार्यकर्ते तयार झाले, आणि ठराव मांडण्याची, त्यावर बोलण्याची, तो अमलात आणण्याची सवय लागली. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला होता, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले होते. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. कागदावर सगळे होते. तरी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावायला मार्च १९२७ ची परिषद आणि तिच्यासाठी खेड्यापाड्यांतून चालत आलेली माणसे लागली. पुढे १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला आणि १९३७ ची प्रांतिक निवडणूक लढला. वसतिगृह, परिषद, सत्याग्रह, पक्ष या साखळीतली पहिली कडी कायद्याच्या भाषेत धर्मादायच म्हणावी लागेल.

आता एका अडचणीकडे वळू. संस्थांत वावरणारी माणसे राजकारणातही अधिक दिसतात, हे जगभर आढळते. पण संस्थेमुळे माणूस जागा होतो, की मुळात जागा असलेला माणूस संस्थेत येतो? गावात जी बाई बचत गटाची अध्यक्ष होते, ती कदाचित आधीपासूनच बोलकी असते. हा पेच सोडवण्याचा चांगला प्रयत्न सोलेदाद आर्टिझ प्रिलमन यांनी मध्य प्रदेशात केला. 'प्रदान' या संस्थेने काही गावांत महिलांचे बचत गट उभे केले होते, शेजारच्या तशाच गावांत ते नव्हते. दोन्हींची तुलना केल्यावर दिसले की गटांच्या गावांत सार्वजनिक बैठकांना जाण्याचे आणि सरकारी यंत्रणेकडे मागणी नेण्याचे स्त्रियांचे प्रमाण सुमारे दुप्पट झाले होते. कारण म्हणून त्यांनी जे सांगितले ते आपल्याकडच्या कोणाही कार्यकर्तीला पटेल. घरात राजकारण ठरवतो तो पुरुष, आणि बाईची ओळखपाळख बहुतेक घरातल्याच माणसांशी. गटामुळे तिला घराबाहेरच्या दहा-पंधरा जणी मिळतात. एकटीने पंचायतीत गेले तर सासूला कळते. पंधरा जणी गेल्या तर सरपंचाला खुर्च्या मागवाव्या लागतात. या बदलाला घरातल्या आणि गावातल्या पुरुषांकडून विरोध होतो, हेही त्यांनी नोंदवले आहे.

या अभ्यासाची पार्श्वभूमीही महत्त्वाची आहे. भारतात मतदानात स्त्रिया आता मागे नाहीत; २०१९ आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकांत त्यांच्या मतदानाची टक्केवारी पुरुषांपेक्षा किंचित अधिकच होती. महाराष्ट्रात पंचायतींमध्ये स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या, २०११ पासून निम्म्या. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूदही कायद्यात आहे. तरी अनेक गावांत ही महिला सभा रजिस्टरमध्येच भरते. सह्या अंगणवाडीत गोळा होतात. मत देणे आणि मत मांडणे यांत जे अंतर उरले आहे, ते आरक्षणाने एकट्याने भरून निघत नाही.

ते कधी भरून निघते, याचा एक नमुना 'उभी बाटली, आडवी बाटली' या नावाने सर्वांना परिचित आहे. राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर तिथले परवानाधारक दारूचे दुकान राहावे की जावे यावर मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते पडावी लागतात. इथे एक मेख आहे. निम्मी मते मतदान करणाऱ्यांपैकी नव्हे, यादीतल्या सगळ्यांपैकी हवीत. म्हणजे जी बाई त्या दिवशी शेतावर गेली, माहेरी होती किंवा भीतीने घरी बसली, तिची गैरहजेरी दुकानाच्या बाजूने मोजली जाते. एवढी मते नुसत्या संतापावर पडत नाहीत. मतदारयादी मिळवावी लागते, तीत मयत आणि परगावी गेलेल्यांची नावे शोधावी लागतात, सह्यांची पडताळणी होते तेव्हा प्रत्येकीला अधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते, दुकानदाराची माणसे दारात आली तर काय म्हणायचे ते ठरवावे लागते. हे काम करायला बहुतेक ठिकाणी पुढे आल्या त्या आधीपासून बैठकीत बसणाऱ्या, वही लिहिणाऱ्या, थकबाकी मागायला एकमेकींच्या दारात जाणाऱ्या बायका. बचत गटात शिकलेले तिथे कामाला आले.

मेंढा-लेखा या गडचिरोलीतल्या गोंड गावाची गोष्ट दुसऱ्या अंगाने शिकवते. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही या गावाची घोषणा महाराष्ट्रभर गेली. तिच्यामागे देवाजी तोफांसारखे गावातले नेतृत्व होते आणि बाहेरून आलेली 'वृक्षमित्र' ही संस्था होती, मोहन हिराबाई हिरालाल यांची. आणीबाणीच्या आगेमागे जयप्रकाशांच्या प्रेरणेने जी तरुण पिढी पक्षाबाहेर राहून राजकारण करायला निघाली, तिच्यातले ते. त्यांनी गावात योजना आणली नाही, अभ्यासगट आणला. अभ्यासगटात कोणीही यावे, बाहेरच्याने प्रश्न विचारावेत, माहिती द्यावी, वाद घालावा. निर्णय मात्र ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीने. म्हणजे संस्थेने स्वतःला बोलण्याची मुभा ठेवली आणि ठरवण्याचा अधिकार सोडून दिला. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकण्याचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला. जेमतेम पाचशेच्या आसपास वस्तीच्या गावाने वनखात्याशी एवढी वर्षे घातलेला वाद हा राजकीय सहभागच आहे, तोही मतपेटी कुठे दिसत नसताना.

इथवर वाचून संस्था वाढल्या की लोकशाही वाढते, असा समज होऊ शकतो. तो घाईचा आहे. जर्मनीत पहिल्या महायुद्धानंतर संघ, मंडळे, क्लब यांचा सुळसुळाट होता. शेरी बर्मन यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की राजकीय पक्ष दुबळे असताना ही घट्ट विणीची मंडळे लोकशाहीला तारू शकली नाहीत. उलट नाझी पक्षाला त्यांतूनच कार्यकर्ते आणि गावोगाव पोहोचण्याच्या वाटा मिळाल्या. संघटनेचे कौशल्य कोणाच्या हाती जाईल, हे कौशल्य ठरवत नाही.

आपल्याकडे याच प्रश्नाला आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या ग्रंथात हात घातला. दंगली कुठे होतात आणि कुठे होत नाहीत, याची शहरांच्या जोड्या लावून त्यांनी तुलना केली. हिंदू-मुस्लिम दोघेही ज्यांत आहेत अशा व्यावसायिक संघटना, कामगार संघ, वाचनमंडळे जिथे होती, तिथे अफवा पसरण्याआधी फोन फिरत. जिथे मंडळे होती पण आपापल्यांचीच, तिथे तसे होत नसे. भिवंडी हे आपल्या जवळचे उदाहरण. १९७० आणि १९८४ मध्ये दंगलींनी होरपळलेल्या या यंत्रमागांच्या गावात सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी असताना मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. म्हणून संस्थेच्या आतल्या कारभाराबरोबर आणखी एक गोष्ट तपासावी लागते: तिच्यात बसतो कोण. एकाच आळीतली, एकाच जातीतली, एकाच घराण्याला मानणारी माणसे कितीही लोकशाही पद्धतीने बैठका घेत असली, तरी त्यांतून नागरिक घडेलच असे नाही. चांगली संघटित झुंड घडू शकते.

सत्तेकडे जाणारी वाट तर आपल्याकडे केव्हाचीच मळलेली आहे. गणेश मंडळाचे पावतीपुस्तक हातात घेऊन फिरलेला पोरगा पुढे नगरसेवक होतो, यात महाराष्ट्रात कोणाला नवल वाटत नाही. दूध संस्था, पतपेढी, विकास सोसायटी यांच्या निवडणुका हे ग्रामीण राजकारणाचे प्राथमिक वर्गच आहेत. त्यातून तळागाळातली माणसे वर आली हे खरे, आणि सभासदांची यादी हीच कुणाच्या तरी मतांची यादी होऊन बसली हेही तितकेच खरे. बचत गटांच्या बाबतीतही आता हा धोका आहे. गटांची जाळी गावोगाव असल्याने सभेला गर्दी हवी की पहिला निरोप त्यांच्याकडे जातो. बोलावणे येणे हा सहभागाचा एक भाग आहे; पण ज्याला फक्त गर्दीसाठीच बोलावले जाते, तो माणूस हळूहळू बोलावणे येईपर्यंत हलत नाही.

दुसरा बदल अधिक खोल आहे आणि त्याची चर्चा कमी होते. संस्थांकडे पैसा कुठून येतो, यावर त्या कोणाला उत्तर देतात हे ठरते. सार्वजनिक सभेचा सभासद त्याच्या पन्नास जणांना बांधील होता. आजची नोंदणीकृत संस्था धर्मादाय आयुक्तांना, आयकर खात्याला आणि निधी देणाऱ्याला बांधील असते. परदेशी निधीचे नियमन करणारा पहिला कायदा आणीबाणीत, १९७६ साली आला; २०१० मध्ये नवा कायदा झाला; २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीला असा निधी देण्यावर बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. याची झळ मोठ्या संस्थेकडून मिळणाऱ्या पैशावर चालणाऱ्या छोट्या संस्थांना बसली. संस्था राजकीय ठरू नये ही भीती तर कायमचीच. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की राजकीय हेतू नसताना लोकांच्या न्याय्य प्रश्नांसाठी बंद, हरताळ यांना पाठिंबा दिला म्हणून संस्थेला राजकीय ठरवून तिचा परदेशी निधी अडवता येणार नाही. पण निकाल न्यायालयात लागतो आणि सावधपणा विश्वस्तांच्या बैठकीत शिरलेला असतो.

देशातला निधीही वेगळ्या वाटेने संस्थांना याच ठिकाणी आणतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले. त्यातून शाळा, दवाखाने, पाणलोटाची कामे उभी राहिली, हे नाकारता येणार नाही. मात्र अशा निधीला आकडे लागतात: किती टाक्या, किती मुले, किती लाभार्थी. गावाने ग्रामसभेत तीन तास भांडून टाकीची जागा बदलली, याला अहवालात रकाना नसतो. सरकारी योजनाही आता थेट खात्यात पैसे जमा करतात. मध्ये कोणी खाणारा राहिला नाही, हे चांगलेच. पण त्याबरोबर एकत्र बसण्याचे एक कारणही गेले. ज्या बाईच्या खात्यात दरमहा रक्कम येते, तिचे सरकारशी नाते जुळते, शेजारणीशी जुळायला दुसरे निमित्त शोधावे लागते.

म्हणून पुढील पाने वाचताना वाचकाने काही साधे प्रश्न हाताशी ठेवावेत. या संस्थेत शेवटचा निर्णय कोण घेतो, आणि तो बदलण्याची सोय सभासदांना आहे का? हिशेब कोणापुढे वाचला जातो? वेगवेगळ्या जाती-धर्माची माणसे एका सतरंजीवर बसतात का? आणि विरोधात बोललेला माणूस पुढच्या बैठकीला येऊ शकतो का? या प्रश्नांची उत्तरे संस्थेच्या ध्येयवाक्यात सापडणार नाहीत. इतिवृत्ताच्या वहीत, आणि कित्येकदा त्या वहीत न लिहिलेल्या गोष्टींत सापडतील.

संस्थांनी राजकारणात पडू नये, हा सल्ला आपल्याकडे वडीलधारेपणाने दिला जातो. पक्षाचे काम करू नये, इथपर्यंत तो रास्त आहे. पण ज्या संस्थेत माणसे खरोखर एकत्र बसून ठरवतात, तिला राजकारणापासून लांब ठेवणे कोणाच्या हातात नसते. गटाच्या थकबाकीचा हिशेब मागायला शिकलेली बाई एक दिवस पंचायतीचाही हिशेब मागते. तिने तो मागू नये असे वाटत असेल, तर तिला वही लिहायला देऊ नये. आणि मागावा असे वाटत असेल, तर संस्थेच्या कार्यकर्त्याने स्वतःची वहीही तिच्यापुढे उघडी ठेवली पाहिजे.